गॅरेथ एन्सवर्थ पाहताना वहीत काय टिपावं

प्रिय मित्रा,

इंग्लंडच्या खालच्या फुटबॉल लीगमधला एकच मॅनेजर नीट अभ्यासायचा तर कोणता, असं तू विचारलंस. गॅरेथ एन्सवर्थ घे. श्रीमंत क्लबात मॅनेजरची चूक नवा खेळाडू विकत घेऊन झाकता येते. विकम वाँडरर्स या छोट्या क्लबात त्याच्याकडे ती सोय नव्हती, त्यामुळे त्याचे निर्णय उघडे दिसतात.

सुरुवात त्याच्या खेळण्यापासून कर. 1973 चा जन्म, गाव ब्लॅकबर्न, जागा उजव्या विंगेची. केंब्रिज, प्रेस्टन आणि लिंकन अशा तीन क्लबांत तो जॉन बेकच्या हाताखाली खेळला. हा बेक लांब पासांचा कट्टर पुरस्कर्ता. केंब्रिजला त्याने मैदानाच्या कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढवून ठेवलं होतं, म्हणजे मागून मारलेला लांब चेंडू रेषेबाहेर न जाता कोपऱ्यातच अडेल आणि विंगर धावत जाऊन तो गाठेल. त्या व्यवस्थेत धावणारा विंगर पुढे मॅनेजर झाल्यावर लांब चेंडूला कमी लेखणार नाही, हे उघड आहे. 1997 मध्ये पोर्ट व्हेलने त्याला 5 लाख पौंडांना घेतलं आणि पुढच्याच वर्षी 20 लाखांना विंबल्डनला विकलं. प्रीमियर लीगमधला त्याचा काळ मात्र दुखापतींनी खाल्ला. पुढे क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये खेळाडू असतानाच दोनदा हंगामी मॅनेजरची खुर्ची त्याच्याकडे आली. ज्याला मॅनेजर व्हायचंय त्याला असे दोन-चार आठवडे कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकवतात. अभ्यासक्रम तरीही करावाच लागतो. तू महाराष्ट्रातून सुरुवात करणार असशील तर प्रशिक्षकाच्या डी लायसन्सचे वर्ग विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत कधी होतात ते आधी बघ.

सप्टेंबर 2012 मध्ये विकमची सूत्रं त्याच्याकडे आली तेव्हा तो 39 वर्षांचा होता आणि अजून खेळतही होता. क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा, तिजोरीत खडखडाट. किती, ते एका सामन्यावरून कळेल. ऑगस्ट 2015 मध्ये प्लिमथला गोलरक्षक जखमी झाला आणि बाकावरून उतरला 46 वर्षांचा गोलरक्षक-प्रशिक्षक बॅरी रिचर्डसन. त्याने गोल खाल्ला नाही, म्हणून ती गंमत ठरली. तू मात्र ती हिशेबाची नोंद म्हणून वाच: बदली गोलरक्षकाच्या पगारातून वाचलेला पैसा दुसऱ्या कुठल्यातरी जागी लागला.

आता मुख्य मुद्दा. लांब चेंडू खेळणाऱ्या संघाला लोक आळशी म्हणतात. मला ते पटत नाही, कारण ते वेळापत्रक बघत नाहीत. लीग टूमध्ये, म्हणजे विकम तेव्हा होता त्या चौथ्या पायरीवर, 24 संघ आणि 46 सामने. शनिवार-मंगळवार-शनिवार असा आठवडा आला की रविवार सावरण्यात जातो, सोमवार हलक्या सरावात, बुधवार पुन्हा सावरण्यात. उरतो गुरुवार, आणि शुक्रवारचा जेमतेम तासभर. मागून छोट्या पासांनी खेळ रचणं एवढ्या वेळात शिकवता येत नाही. कॉर्नर आणि फ्री-किकच्या जागा मात्र चालत चालत, पाय न थकवता पक्क्या होतात.

एन्सवर्थने तेच केलं. डावा बॅक जो जेकबसन हा डावखुरा. उजव्या कोपऱ्यातून त्याने मारलेला चेंडू आत, गोलकडे वळायचा. सप्टेंबर 2019 मध्ये लिंकनविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली, त्यात कॉर्नरवरून थेट जाळ्यात गेलेला चेंडूही होता. असा कॉर्नर बसवताना एक जण गोलरक्षकासमोर, एक जवळच्या खांबाशी, तिघे लांबून धावत येणारे, दोघे गोलसमोरच्या पेनल्टी पेटीच्या कडेला परतणाऱ्या चेंडूसाठी आणि दोघे मध्यरेषेशी मागे ठेव. सगळ्यात जास्त वेळा बिघडते ती अगदी साधी गोष्ट: चेंडू जवळच्या पहिल्याच बचावपटूच्या डोक्यावरून जात नाही. मग बाकी सगळी मांडणी फुकट, आणि पेटीच्या कडेचे दोघे झोपलेले असले तर उलटा हल्ला.

दुसरा भाग सेकंड बॉलचा, म्हणजे हवेतल्या झुंजीनंतर खाली पडणाऱ्या चेंडूचा. 2016 मध्ये एएफसी विंबल्डनकडून खेळून प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचे बाद सामने, जिंकल्यावर स्ट्रायकर आदेबायो अकिनफेन्वा टीव्हीवर म्हणाला होता की आपण बेरोजगार आहोत, मॅनेजरांनी व्हॉट्सअॅप करावं. एन्सवर्थने त्याला घेतलं. वय 34, वजन शंभर किलोच्या पुढे. धावण्यासाठी कोणी असा माणूस घेत नाही. त्याचं काम चेंडू छातीवर थांबवायचं, पाठीने बचावपटू अडवायचा. पण असा माणूस नुसता पुढे उभा करून भागत नाही. त्याच्यापासून मधली फळी दहा-बारा मीटरच्या आत हवी. अंतर वीस झालं की खाली पडणारा प्रत्येक चेंडू समोरच्याचा. आणि लांब चेंडू सुटताक्षणी मागची फळी पुढे सरकली नाही, तर मधे मोकळं रान पडतं.

निकाल सरळ रेषेत आले नाहीत, हेही टिपून ठेव. 2014 च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी संघ ब्रिस्टल रोव्हर्सच्या तीन गुण मागे होता. टॉर्कीला 3-0 जिंकला, रोव्हर्स घरच्या मैदानावर मॅन्सफिल्डकडून हरले आणि विकम गोलफरकावर लीगबाहेर घसरण्यापासून वाचला. पुढच्याच वर्षी वेम्बलीच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात साउथेंडने जादा वेळेच्या अगदी शेवटी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर बढती नेली. लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, जायला 2018 उजाडलं. इतक्या काळात क्लबने मॅनेजर बदलला नाही आणि मॅनेजरने सहायक रिचर्ड डॉबसन बदलला नाही. लोक डावपेचांवर लिहितात, मी या दोन गोष्टींना जास्त गुण देईन.

2019-20 चा हंगाम कोरोनाने थांबला तेव्हा विकम आठवा होता. क्रमवारी सामन्यामागे गुण या हिशेबाने ठरली: 34 सामन्यांत 59, म्हणजे 1.74. ऑक्सफर्डचे 35 सामन्यांत 60, म्हणजे 1.71. विकम एकदम तिसरा. नववर्षानंतर घसरणाऱ्या संघाला ही विश्रांती लाभली, हे मान्य करायला लाजू नकोस. रिकाम्या वेम्बलीत 13 जुलैला प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ऑक्सफर्डवर 2-1 विजय: एक अँथनी स्ट्युअर्टचं हेडर, दुसरी जेकबसनची पेनल्टी. दोन्ही गोल बचावपटूंचे!

वरच्या पायरीवर, चॅम्पियनशिपमध्ये, पहिले सातही सामने गेले. तिथले सेंटर-बॅक म्हणजे मधले बचावपटूही उंच असतात, शिवाय जिंकलेला चेंडू परत देत नाहीत. लांब मारलेला प्रत्येक चेंडू मग दोन मिनिटांचा बचाव होऊन अंगावर येतो. तरी संघ हंगामात शिकला आणि 43 गुणांवर, डर्बीपेक्षा फक्त एका गुणाने कमी पडून खाली आला.

फेब्रुवारी 2023 मध्ये तो क्वीन्स पार्क रेंजर्सला गेला. तो हंगाम वाचवला, पण ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली. माझ्या मते गफलत पद्धतीची नव्हती, हातातल्या माणसांची होती. इलियास चेअर, क्रिस विलॉकसारखे पायाजवळ चेंडू मागणारे खेळाडू आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारा चेंडू. विकममध्ये पद्धतीला साजेशी माणसं गोळा करायला त्याला वर्षं मिळाली, इथे महिने मिळाले. नंतर श्रूजबरी आणि तिथून मार्च 2025 मध्ये जिलिंगहॅम.

आता तुझं काम. 2020 चा तो अंतिम सामना आवाज बंद करून दोनदा बघ. पहिल्या वेळी फक्त विकमच्या गोलरक्षकाचे लांब चेंडू मोज: कुठे पडला, डोकं कुणाचं लागलं, त्यानंतरचा चेंडू कुणाला मिळाला. असे तीन रकाने पुरेत. दुसऱ्या वेळी चेंडूकडे पाहूच नकोस. चेंडू हवेत असताना मागचे चौघे किती पावलं पुढे येतात तेवढंच लिही. दोन्ही कागद मला पाठव, खाडाखोड असली तरी चालेल.