मुलीला गोष्टी लिहायची आवड आहे, ती वाढवायला आम्ही काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, इंग्लिश मीडियमला, गोष्टी लिहिते पण अर्धं मराठी अर्धं इंग्लिश, शुद्धलेखन कच्चं, एकही गोष्ट पूर्ण करत नाही, आणि आता तिला क्रिएटिव्ह रायटिंगच्या क्लासला घालावं का असं विचारताय. मी आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांना लिहायला घेऊन बसते, तिथे जे दिसतं त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी तिच्या गोष्टीच्या वहीला लाल पेन लावू नका. अजिबात नाही. शाळेच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ, स्पेलिंग काय बघायचं ते बघा, पण या वहीत तुम्ही फक्त वाचक. पोरगी वही घेऊन धावत येते ती पुढे काय झालं ते सांगायला, आणि आपण म्हणतो "अगं आणि ला पहिली वेलांटी". मग पुढच्या वेळी मूल काय करतं, जो शब्द लिहिता येत नाही तो गाळतं, सोप्पे सोप्पे शब्द घालून चार ओळीत गोष्ट आटपतं. हे मी इतक्या मुलांत बघितलंय की आता नवीन पालकांना पहिलं हेच सांगते.

मग बोलायचं काय? गोष्टीच्या आतला प्रश्न विचारायचा. आमच्याकडे तिसरीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, "आजोबा यष्टीत बसले. त्यांच्या पिशवीत मांजर होतं. कंडक्टर म्हणाला मांजराचं हाफ तिकीट पडेल." बस, एवढंच, आणि संपलं म्हणाला. शेजारी बसलेले एक पालक म्हणाले अरे मांजराला कुठे तिकीट असतं, आणि पोरगं लगेच खोडरबर शोधायला लागलं. मी विचारलं, मग आजोबा काय म्हणाले रे? त्याने जरा वेळ वर बघितलं आणि लिहिलं, "आजोबा म्हणाले ते पाच वर्षांच्या आतलं आहे." त्यावर कंडक्टरने जन्माचा दाखला मागितला, मागच्या सीटवरच्या बाई भांडणात पडल्या, दीड पान झालं. आता एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही आणि पाच ते बारा हाफ हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, आजीबरोबर जाता येता त्याने ऐकलेलं होतं. मुलांकडे असा माल भरपूर असतो, फक्त तो गोष्टीत चालतो हे त्यांना माहीत नसतं, कारण शाळेत "फाटलेल्या पुस्तकाचे मनोगत" लिहायचं असतं आणि ते गाईडमधून पाठ करून गेलं की मार्क मिळतात.

नुसतं "वा, छान" म्हणून सोडून देऊ नका हं. त्याने बोलणं तिथेच थांबतं. कुठली ओळ आवडली ते सांगा, "कंडक्टर दाखला मागतो तिथे मला खूप हसू आलं" असं. मुलांना ते बरोबर लक्षात राहतं.

भाषा मिक्स होतेय त्याची काळजी करू नका, तिच्या डोक्यात गोष्ट ज्या भाषेत येतेय त्या भाषेत उतरू दे. अर्धवट गोष्टींचंही तसंच, चौथीतल्या मुलाला सुरुवात करण्यातच जास्त मजा येते. फक्त ती पानं फाडू नका, रद्दीत घालू नका, पुष्कळदा मुलं जुनी वही चाळताना तिथूनच पुढे लिहायला लागतात. हात दुखतो म्हणाली तर ती सांगेल तसं तुम्ही लिहून घ्या, पण शब्द तिचेच ठेवा, मध्येच सुधारून आपलं सुंदर वाक्य घालायचा मोह होतो तो आवरा. शुद्धलेखनाची वेळ शेवटी येते, जेव्हा तीच म्हणते की मला हे आजीला वाचायला द्यायचंय, तेव्हा दोघी बसून फेअर करा, तेव्हा तिला स्वतःलाच बरोबर लिहायचं असतं.

वाचन तर हवंच, आणि रोज रात्री थोडं मोठ्याने वाचून दाखवा, मराठीतून. इंग्लिश मीडियमच्या मुलांना मराठी गोष्टीची भाषा कानावर पडतच नाही हो. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाईटवर फुकट वाचता येतात. त्यात मुलांनी लिहिलेल्या गोष्टी, कविताही येतात, आपल्याच वयाच्या मुलीने लिहिलेलं छापून आलंय हे बघून आमच्याकडच्या पोरांना भारी वाटतं.

क्लासचं म्हणाल तर घालण्याआधी तिथल्या मुलांनी लिहिलेलं वाचायला मागा. सगळ्यांच्या गोष्टीत तीच सुरुवात, तेच "निसर्गाच्या कुशीत" आणि शेवटी तेच तात्पर्य असेल तर नका घालू, त्या पैशात पुस्तकं घ्या. प्रत्येकाचं वेगळं दिसलं तर जरूर घाला, बरोबरीची लिहिणारी मुलं भेटली की जोर येतो. स्पर्धांची मात्र अजून दोन-तीन वर्षं तरी घाई नको, नंबर आला नाही की या वयात मुलं लिहिणंच सोडतात.

आणि तिची गोष्ट फॅमिली ग्रुपवर टाकायची असेल तर आधी तिला विचारा, काही मुलांना आवडतं, काही मुलं त्यानंतर वही लपवून ठेवायला लागतात.