पट्टी कोणती?

अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आज सकाळी दूध तापवताना ऐकला. दूध उतू गेलं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवड झाल्याचा आनंद तुझ्या आवाजात पहिल्या दहा सेकंदांतच संपला होता. पुढे एकच घोळ. गाणं काळी चारऐवजी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्याऐवजी पाचव्या काळ्या सुरावर सा धरून, बसवा म्हणतायत कार्यक्रमवाले, आणि आईला शिलाई मशीनवर बसवून एव्ही, म्हणजे घरची ओळख करून देणारी छोटी फिल्म, शूट करायची आहे. काय करू?

स्पर्धेला जावं की न जावं, तू बरी गातेस की नाही, यावर मी शाई घालवणार नाही. जा. फक्त पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून तुझा गळा मोकळा गातो ती, सोडायची नाही.

सरांना टीव्हीतलं काय कळतं, असं वाटत असेल तर ऐक. १९९७च्या पावसाळ्यात मी स्वतः एका ऑडिशनच्या रांगेत भिजत उभा होतो. झी टीव्हीवर ‘सारेगम’ सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. सोनू निगम सूत्रसंचालन करायचा आणि परीक्षकांच्या खुर्चीत बुजुर्ग संगीतकार, शास्त्रीय गायक बसायचे. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’तून सुनिधी चौहान नुकतीच पुढे आली होती. आपलाही नंबर लागेल असं गल्लीतल्या प्रत्येक गाणाऱ्याला वाटायचे ते दिवस. आत गेलो तर मला पहिला प्रश्न आला, ‘पट्टी कोणती?’ म्हटलं, काळी एक. तबलजीनं तबला मिळवून घेतला. अंतरा सुरू व्हायच्या आत मला थांबवलं आणि घरी पाठवलं. लोकलमध्ये डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? पण माझी पट्टी विचारली होती त्यांनी.

तुला परवा पहिला प्रश्न काय विचारला? ‘घरी कोण कोण असतं?’

हा प्रश्न एका दिवसात बदलला नाही. माझ्या मते सुरुवात गाण्याच्या कार्यक्रमातून झालीच नाही. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ आलं, मूळ ब्रिटनचा साचा, आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेनं एक कोटी जिंकले. त्याचं शेवटचं उत्तर काय होतं हे आज कोणाला आठवत नाही, पण तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा होता हे माझ्या आईलासुद्धा पाठ होतं. उत्तरापेक्षा उत्तर देणारा बघायची गोडी आपल्याला तिथं लागली. मग २००४मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आलं, तोही ब्रिटनमधूनच आलेला साचा, आणि निकाल एसएमएसवर गेला. पहिल्याच पर्वात आपला अभिजीत सावंत जिंकला, पेढे आम्हीही वाटले. २००७मध्ये प्रशांत तमांग जिंकला. कोलकाता पोलिसांतला शिपाई, दार्जिलिंगचा. त्याच्या मतांसाठी डोंगर पेटून उठला. त्या लाटेतून बिमल गुरुंग यांचं नेतृत्व वर आलं आणि गोरखा जनमुक्ती मोर्चा उभा राहिला. एका गाण्याच्या स्पर्धेतून राजकीय पक्ष! मतं गळ्याला पडली की गावाला, हे कसं मोजणार?

घरची गोष्ट सांगणं वाईट, असं मी म्हणत नाहीये. ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश भावोजी दारात यायचे तेव्हा घर हाच खेळ होता, पैठणी जिंकणारीला गाता येतं का असं कोणी विचारत नव्हतं. तिथं सगळा मामला उघड होता. तुझ्या आईचं शिलाई मशीन दाखवायचं की नाही, ते तुझी आई ठरवेल. तिचं मशीन, तिची मर्जी. पट्टी मात्र तुझी आहे.

‘फक्त एकच स्वर वर’ असं ते म्हणाले ना? कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, एकदा दाबलं की सगळं अर्धा स्वर चढतं, दोनदा दाबलं की काळी चारची काळी पाच होते. वाजवणाऱ्याची बोटं होती तिथंच राहतात. तुझा तार मध्यम, वरच्या सप्तकातला म, मात्र चढ चढताना धापा टाकतो, आणि मुखड्याच्या शेवटी तू जो सूर अलगद सोडतेस, त्याला सोडायला जागाच उरत नाही. तरी त्यांना वरचा सूर हवा असतो. आता पूर्ण भाग बघणारे थोडे आणि त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाईलवर बघणारे फार. अंगठा थांबवायचा तर पहिल्या काही सेकंदांत किंचाळी हवी.

हे बटण मी दाबलं आहे.

साल सांगत नाही, वाहिनी सांगत नाही. २००८-०९च्या ‘लिटिल चॅम्प्स’नं महाराष्ट्र वेडा केला होता, त्यानंतरचे दिवस. कार्तिकी गायकवाडचा मोकळा खडा आवाज, प्रथमेश लघाटेचं नाट्यगीत, चिमुरडी मुग्धा वैशंपायन. पंचरत्नांतला, म्हणजे शेवटच्या पाचांतला, प्रत्येक जण आपापल्या जागेवरून गायला होता, म्हणून तर लक्षात राहिला. पण आमच्यासारख्यांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच, की मुलं चालतात. मी एका दुसऱ्या कार्यक्रमात तालमीला पेटी आणि कीबोर्ड वाजवायचो. तेरा वर्षांचा एक मुलगा होता, आवाज फुटायच्या बेतात. दर आठवड्याला त्याचा सूर अर्धा अर्धा उतरत होता आणि तो मला कानात सांगायचा, ‘दादा, खाली घ्या ना.’ वरून निरोप आला, मागच्या भागात जिथं गायला तिथंच हवं. मी दोनदा बटण दाबलं. तिसऱ्या टेकला आवाज चिरला. तो चिरलेला आवाज आणि त्याचं रडणं, दोन्ही दाखवलं, मागे बासरी लावून.

मी तेव्हा नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत दुसरा कीबोर्डवाला आला असता. घराचा हप्ता होता, धाकटी नुकतीच शाळेत गेली होती. शिवाय आवाज फुटणारच होता, आज ना उद्या. हे सगळं खरं आहे. खरं असूनही मला ते दर वेळी नव्यानं जुळवून घ्यावं लागतं. मागच्या मे महिन्यात एका लग्नात तो भेटला. चांगला उंच झालाय, बॅंकेत आहे. वाकून नमस्कार केला. ‘गातोस का रे?’ म्हटलं, तर हसला आणि मला जेवायचा आग्रह करायला लागला.

तेव्हा तू मला ‘सर, ॲडजस्ट करू का?’ असं परत विचारू नकोस. राग येतो. चार वर्षं पहाटे साडेपाचला खर्ज, खालच्या सुरांचा रियाज, लावून घेतला तो कशासाठी?

आता कामाचं. ट्रॅक, म्हणजे गाण्यामागचं रेकॉर्ड केलेलं संगीत, बनायच्या आधी, तालमीच्या पहिल्याच दिवशी, संगीत संयोजकाला एकटं गाठ आणि सांग : काळी चार. सगळ्यांसमोर बोलू नकोस, तो अडकतो. ट्रॅक झाल्यावर बोललीस तर खर्च वाढतो आणि मग तू ‘नखरेवाली’. दिवसभर शूटिंग चालेल, घसा थकलेला असताना वरचे सूर लावून दाखव म्हणतील, तिथं ओठांतल्या ओठांत गा. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. गाणं बदलायला सांगितलं तर बदल, साडी बदल, केस कापायचे तर काप. पट्टी नाही. काढून टाकतील? टाकू देत. मलाही काढलं होतं.

रविवारी सातला ये, आईलाही आण. पेटीची काळी चारच नेमकी दबते आहे, दुरुस्तीला दिली आहे. तंबोरा लावून ठेवतो.

— सर