कुर्त्याच्या गळ्यावर फुलं आणि फुलपाखरं भरायची आहेत, मी नवशिकी आहे. किती टाके यायला हवेत?

चार पुरे: लेझी डेझी, साखळी (एकीत एक अडकवलेल्या कड्यांची ओळ), उलटी टीप (प्रत्येक टाका मागे घेत घातलेली सलग रेघ) आणि गाठीचा टाका (सुईला दोरा गुंडाळून केलेली छोटी गाठ). लेझी डेझी म्हणजे साखळीची एकच सुटी कडी, टोकाला छोट्या टाक्याने बांधलेली. तिला पाकळीचा आकार आपोआप येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पाच कड्या गोलात घातल्या, मध्ये गाठ मारली की फूल झालं. देठ उलट्या टिपेचा. फुलपाखरालाही त्याच कड्या: वर दोन मोठ्या, खाली दोन लहान, प्रत्येकीच्या आत वेगळ्या रंगाची आणखी एक छोटी. अंगाला साखळी, मिशांना एकपदरी टीप. मात्र कडी साधारण एक सेंटीमीटरपेक्षा लांब घेऊ नका. ती सैल पडते आणि बांगडीत, नखात अडकते, मग शेजारचे टाकेही ओढले जातात. मोठा पंख हवा असेल तर साखळीने बाहेरची रेघ काढून आत साखळीच्याच ओळी भरा. वेळ लागतो, पण धुण्यात टिकतं आणि दिसतंही फार सुंदर. मी पुण्यात भरतकाम शिकवते, नवशिक्यांना याच क्रमाने देते. इथल्या तुळशीबाग बाजारात अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या सहापदरी लड्या मिळतील, त्यातले दोन किंवा तीन पदर सुटे करून घ्या. हे सगळं सुती कापडासाठी आहे. जॉर्जेट किंवा शिफॉन असेल तर मागे पातळ अस्तर लावल्याशिवाय भरू नका, कापड चुणतं.