नऊ मिनिटांत तीन महिने

ल्युसिड ड्रीम, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं भान येणं. त्याचा नाद लागलेली तरुण मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती झोप येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही अशी तक्रार घेऊन. खरी गोष्ट जरा उशिरा बाहेर पडते: स्वप्नात वर्षानुवर्षं अडकून पडलो तर? त्या भीतीला उत्तर म्हणून एका मुलाची हकिकत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मुलगा विशीतला, परीक्षेची तयारी करणारा. पहाटेचा गजर लावायचा, थोडा वेळ जागं राहायचं आणि भान राखण्याचा निश्चय करून पुन्हा झोपायचं, असा त्याचा परिपाठ होता. एका सकाळी गजर वाजल्यावर त्याने स्नूझ दाबलं आणि तो पुन्हा वाजेपर्यंतच्या नऊ मिनिटांत तो, त्याच्या शब्दांत, “तीन महिने जगून आला”. अनोळखी घर, नवी नोकरी, मैत्रिणीशी भांडण, मग दिलजमाई. हे स्वप्न आहे हे त्याला मध्येच कळलंही होतं. तेव्हापासून त्याला झोपायचीच धास्ती वाटू लागली. नऊ मिनिटांत तीन महिने, तर आठ तासांत किती, याचा हिशेब त्याने वहीत मांडून आणला होता. उत्तर तेरा वर्षांच्या पुढे जात होतं.

मी म्हटलं, “मला ते तीन महिने सांग. घाई नाही, अगदी पहिल्या दिवसापासून.”

पाचेक मिनिटांत सांगून झालं. प्रसंग निघाले चार: घरात पहिलं पाऊल, ऑफिसातलं टेबल, जिन्यावरचं भांडण आणि खिडकीपाशी बसून झालेलं बोलणं.

“भांडण आणि दिलजमाई यांच्यामध्ये किती दिवस गेले?”

“महिनाभर तरी.”

“त्या महिन्यातला कुठलाही एक दिवस सांग.”

तो बराच वेळ आठवत राहिला. “दिवस असे नाहीतच, मॅडम. महिना गेलाय हे मला नुसतं माहीत होतं.”

अर्धं उत्तर त्यानेच दिलं होतं. स्वप्नात दृश्य बदलतं आणि मधला काळ लोटल्याची खात्री त्या दृश्यासोबत आयतीच येते. कादंबरीत ‘सहा महिने उलटले’ एवढं वाचून आपण पुढच्या प्रकरणात शिरतो, ते सहा महिने कोणी वाचत बसत नाही. जाग आल्यावर काळाचा अंदाज आपण प्रसंगांवरून बांधतो. ठिकाणं आणि माणसं जितकी वेगवेगळी, तितका काळ लांब वाटतो.

एवढ्याने त्याचं समाधान होईना. “पण हे कोणी मोजलंय का?” प्रश्न रास्त होता, आणि मोजलेलं आहे.

स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, चालू असताना अंगाचे स्नायू शिथिल पडलेले असतात, पण डोळे हलू शकतात. त्यामुळे स्वप्नात भान आलं की डोळे ठरवून डावी-उजवीकडे फिरवायचे, ही खूण बाहेरच्या यंत्रावर उमटते. 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याची अशी खूण पहिल्यांदा नोंदवली. पुढे काही वर्षांत अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच करून दाखवलं. मग स्वप्नाला घड्याळ लावणं सोपं झालं: खूण कर, दहापर्यंत मोज, पुन्हा खूण कर. दोन खुणांमधलं अंतर बाहेर सेकंदांत मोजता येतं. लाबर्ज यांना स्वप्नातली मोजणी जागेपणीच्या मोजणीइतकीच वेळ घेताना दिसली. 2004 मध्ये डॅनियल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल यांनी मोजणीबरोबर उठाबशाही काढायला लावल्या. मोजणीत फारसा फरक पडला नाही, पण उठाबशांना स्वप्नात चाळीस टक्क्यांहून जास्त वेळ लागला. 2014 मध्ये त्यांच्या गटाने चालणं आणि जिम्नॅस्टिकचे प्रकार तपासले, तिथेही स्वप्नातल्या हालचाली संथच निघाल्या. स्नायूंकडून मेंदूला मिळणारा प्रतिसाद स्वप्नात नसतो, हे त्याचं एक संभाव्य कारण ते देतात.

म्हणजे वहीतला हिशेब उलटाच होता. स्वप्नातली दहा पावलं खऱ्या वेळातही तितकीच, किंबहुना जास्तच सेकंद खातात. नऊ मिनिटांत नऊ मिनिटांचंच स्वप्न मावतं.

पोरगं वाचणारं होतं, त्याने लगेच आल्फ्रेड मॉरी काढला. एकोणिसाव्या शतकातला हा फ्रेंच विद्वान. पलंगाचा तुकडा मानेवर पडला आणि तेवढ्यात त्याला फ्रेंच राज्यक्रांती, खटला, गिलोटीनवर शिरच्छेद असं लांबलचक स्वप्न पडलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. गोष्ट झकास आहे, म्हणूनच ती इतकी टिकली असं माझं मत. पण ती त्याने घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिली, आणि ते स्वप्न मोजायला तिथे कोणी नव्हतं. 1957 मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन या झोपेच्या संशोधकांनी झोपलेल्यांना रेम सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी उठवलं, आणि बहुतेकांनी यातलं कुठलं अंतर ते बरोबर ओळखलं. पुढच्या वर्षी डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी अंगावर पाणी उडवून पाहिलं. ज्यांच्या स्वप्नात पाणी शिरलं, त्यांच्या हकिकतीचा पाण्यानंतरचा भाग मधल्या खऱ्या वेळाशी बऱ्यापैकी जुळला.

स्वप्नातलं घड्याळ बघू का, हेही त्याने विचारलं. दुसऱ्यांदा बघितलं की ते बऱ्याचदा भलतीच वेळ दाखवतं, म्हणून तर स्वप्न ओळखायला त्याचा उपयोग करतात. वेळ मोजायला ते निकामी.

तरी ‘अडकणं’ हा शब्द त्याच्या बोलण्यात सारखा येत होता, म्हणून तो धागा मी सोडला नाही. मग कळलं की अडकल्याचा अनुभव त्या तीन महिन्यांतला नव्हताच. दोनदा पहाटे डोळे उघडले, खोली दिसत होती, पण हातपाय हलेनात, छातीवर भार आल्यासारखं झालं. “तासभर तरी.” हा स्लीप पॅरालिसिस. रेममधली स्नायूंची शिथिलता जाग आल्यावरही क्षणभर उरते. ती काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आपोआप सुटते. भीतीमुळे ती लांबलचक भासते. झोप वारंवार मोडली की हे होण्याचा संभव वाढतो, आणि हा मुलगा तर स्वतःच गजर लावून झोप मोडत होता. या दोन पहाटा आणि ते स्वप्न त्याच्या मनात एकत्र झाले होते. माझ्या मते, भीतीचं मूळ तिथे होतं, काळाच्या गणितात नव्हतं.

उपाय साधे होते. पहाटेचा गजर बंद, स्नूझ बंद, उठण्याची वेळ रोज एकच. डायरीत फक्त दिसलेले प्रसंग लिहायचे, ‘किती काळ’ हा रकानाच नको. पुन्हा हातपाय हलेनासे झाले तर धडपड न करता श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि एखादं बोट हलवून बघायचं. रेमचा एकेक टप्पा रात्रीच्या सुरुवातीला दहाएक मिनिटांचा, पहाटे अर्ध्या तासाचा किंवा थोडा जास्त असतो आणि तो आपसूक संपतो, हे त्याला कागदावर काढून दाखवलं. तो कागद त्याने मागून नेला. आधी झोप सुधारली, भीती त्यानंतर हळूहळू ओसरली.

या छंदाला माझा विरोध नाही. 2016 मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं. पण त्यासाठी रोज झोप मोडणं मला मान्य नाही, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत.

मात्र दिवसाही आजूबाजूचं सगळं खोटं वाटू लागलं, स्वप्नात घडलेलं प्रत्यक्ष घडलं असं वाटून माणूस तसं वागू लागला, किंवा घरात कोणाला सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, आजार असेल, तर हे प्रयोग थांबवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. भर दिवसा अनावर झोप येऊन लगेच स्वप्नं सुरू होत असतील किंवा हसताना गुडघे लटपटत असतील, तर झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांकडे जावं. ती नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची लक्षणं असू शकतात, आणि तिथे समुपदेशन पुरत नाही.