सेवापुस्तकात न सापडणाऱ्या बाई

प्रश्न : नमस्कार. आमच्या गावातल्या बाई गेल्या महिन्यात गेल्या. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, ५८ ला रिटायर झाल्या आणि त्यानंतरची १९ वर्षं बायकांना लिहायला-वाचायला शिकवणं, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देणं, म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूच्या कॅम्पला घेऊन जाणं, सगळं चालूच होतं, तेही एक रुपया न घेता. आम्ही माजी विद्यार्थी मिळून वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं म्हणतोय, मजकुराचं काम माझ्याकडे आलंय, पण लिहायला बसलं की "प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ" याच्यापुढे गाडी जातच नाही. बाजारात एक भाजीवाल्या मावशी बसतात, ७५ च्या असतील, त्या म्हणतात मी पेपर वाचते तो बाईंमुळे. पण त्यांना लिहून द्या म्हटलं तर नको नको म्हणतात. कसं करू?
– एक माजी विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला लिहिता येत नाही असं अजिबात नाहीये, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. बाईंच्या ३४ वर्षांची नोंद सरकारकडे आहे, सेवापुस्तकात कुठल्या शाळेत कधी रुजू झाल्या, बदली कधी झाली सगळं तारखेसकट सापडेल, पण नंतरच्या १९ वर्षांचा एक कागद कुठे नाही. ती १९ वर्षं फक्त माणसांकडे आहेत, आणि ती माणसं म्हातारी होत चाललीत.

अण्णासाहेब कर्व्यांचंच बघा. फर्ग्युसनमधून गणिताचे प्रोफेसर म्हणून ते १९१४ ला रिटायर झाले, महिला विद्यापीठ काढलं १९१६ ला, म्हणजे रिटायर झाल्यावर. हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढायला त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं आणि त्या वयात दारोदार फिरून वर्गणी मागितली, हे किती जणांना माहीत असतं? ते १०४ वर्षं जगले, भारतरत्न मिळालं, तरी त्यांचं हे काम मागे पडलं. मग आपल्या गावातल्या बाईंचं काय होणार, सांगा.

तर आता कामाचं. लोकांना "बाई कशा होत्या?" असं विचारूच नका. त्याचं उत्तर "फार चांगल्या होत्या" हेच येतं, दुसरं येत नाही. त्यापेक्षा विचारा, पहिल्या दिवशी बाईंनी तुम्हाला कुठलं अक्षर शिकवलं? कुठे बसून? ओट्यावर की देवळात? पाटी होती का वही? घरचे काय म्हणाले? शेवटचं कधी भेटलात, तेव्हा बाईंच्या हातात काय होतं? अशा प्रश्नांना माणूस बोलायला लागतो, आणि एकदा बोलायला लागला की तुम्ही फक्त गप्प बसायचं. लिहून मागू नका, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. जी बाई साठीनंतर अक्षर शिकली तिला लेख द्या म्हटलं तर ती घाबरणारच ना, पण बोलायला ती तुमच्या-माझ्यापेक्षा भारी असते. नंतर उतरवून काढाल तेव्हा त्यांची बोली तशीच ठेवा, पुस्तकी करू नका प्लीज.

माझाच अनुभव सांगते. आमचे गुरुजी गेले तेव्हा आम्हीही स्मरणिका काढली होती. अर्ध्याहून जास्त पानं जाहिरातींची आणि पुढाऱ्यांच्या शोकसंदेशांची, उरलेल्यात आम्ही शिकलेल्या लोकांनी जड जड शब्दांत लिहिलेलं. गुरुजी रिटायर झाल्यावर दर सोमवारी बँकेबाहेरच्या बाकावर बसायचे, पैसे काढायला आलेल्या बायका स्लिपवर अंगठा उठवायला निघाल्या की स्लिप आपल्याकडे घ्यायचे, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तिचं नाव पुसट लिहायचे आणि म्हणायचे, यावरून गिरव, घाई नाही, रांग थांबते. कित्येकींची पहिली सही त्या बाकावर झाली. ही गोष्ट आमच्या स्मरणिकेत नाही, कारण त्यातल्या एकीलाही आम्ही विचारलं नाही. मला ती गुरुजींच्या घरी काम करणाऱ्या मावशींकडून चार वर्षांनी कळली. आजही ती स्मरणिका हातात घेतली की वाईट वाटतं.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, जुनं लॉगबुक आणि शेरेपुस्तक बघायला मिळालं तर बघा, साहेबांनी तपासणीत बाईंच्या वर्गाबद्दल काही लिहिलेलं असू शकतं. जुने फोटो मिळाले तर मागे नावं लिहून घ्या, मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नको, कारण त्याचा वळ पुढे उमटतो. आणि एक, बाई कधी चिडल्या, कुणाशी वाजलं, कुठे चुकल्या हेही येऊ द्या. नुसतं गोड गोड लिहिलं की त्यातून माणूसच निघून जातो.

प्रश्न : माझी आई शिक्षिका होती, रिटायर झाल्यावर वस्तीवर संध्याकाळचा वर्ग चालवायची. ती गेल्यावर गावकरी चौकात कमान उभारू म्हणतात, भाऊ म्हणतो तिच्या नावाने ट्रस्ट काढू, माझ्या मते शाळेत बक्षीस ठेवावं. हातात साधारण ५० हजार आहेत. काय करावं?
– एक मुलगा, सातारा

उत्तर : दादा, कमानीचा विचार सोडा. ५० हजारात ती धड होणारही नाही. ट्रस्टचं म्हणाल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब, ऑडिट, विश्वस्त बदलला की त्याचा रिपोर्ट, हे सगळं कायमचं मागे लागतं. ते सांभाळणारं माणूस घरात असेल तरच त्यात पडा. बक्षीस सोपं आहे, २५ हजारांची एफडी ठेवली आणि समजा ७ टक्के व्याज मिळालं तर वर्षाला १७५० रुपये, त्यात दोन-तीन मुलांना चांगली पुस्तकं येतात.

पण खरं सांगू का, आईंचा वर्ग बंद पडलाय का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. पडला असेल तर उरलेले २५ हजार तिकडे लावा. केंद्राचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७ असा, १५ वर्षांवरच्या निरक्षर लोकांसाठी आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवकच. जवळच्या शाळेत चौकशी करून शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची नोंद करून घ्या, शेवटी चाचणी होते आणि प्रमाणपत्र मिळतं. साठीच्या आजीच्या हातात प्रमाणपत्र पडतं तेव्हा तिचा चेहरा बघायला तुम्ही तिथे असायला हवं. पैसे लागतील ते पाट्या, चष्मे, दिव्याच्या बिलाला. शिकवायला मात्र कुणीतरी रोज बसायला लागेल, तुम्ही किंवा भाऊ. आठवड्यातून दोन दिवस जरी जमले तरी सुरू करा.

कार्यक्रम करायचाच असेल तर ५ सप्टेंबरला सगळीकडेच असतो. तुम्ही ८ सप्टेंबर धरा, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन, आईंनी रिटायर झाल्यावर जे केलं त्याचा दिवस तोच. भाषणं नकोत. आईंकडे शिकलेल्या दोघी-तिघींना पुढे बोलावून काहीतरी मोठ्याने वाचायला सांगा.

आणि सोलापूरच्या ताई, वर्षश्राद्धाला अजून अकरा महिने आहेत म्हणून निवांत राहू नका. त्या भाजीवाल्या मावशींकडे याच आठवड्यात जा, बाजाराच्या दिवशी नको, गिऱ्हाईक असतं, दुसऱ्या दिवशी घरी जा, आणि जाताना त्या दिवशीचा पेपर घेऊन जा.