भयमालिकेतील मुले : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी बालनाट्य शिबिरात मुलांना शिकवते. नुकतीच ‘डार्क शॅडोज’ ही जुनी अमेरिकन मालिका पाहिली. तीत मोठमोठे नट आहेत, तरी मनात घर केले ते त्यातील लहान डेव्हिडने. असे का झाले असावे आणि त्याच्या कामातून शिबिरातल्या मुलांना नेमके काय दाखवता येईल? (वाचक, दादर)

उत्तर : आपल्या प्रश्नाने मनापासून आनंद झाला, कारण या मालिकेची चर्चा बहुधा बार्नबस कॉलिन्स या रक्तपिपासू पात्रापाशी आणि ते साकारणाऱ्या जोनाथन फ्रिड यांच्यापाशी थांबते. मालिका सुरू झाली 27 जून 1966 रोजी, एबीसी वाहिनीवर. बार्नबस मात्र अवतरला एप्रिल 1967 मध्ये. त्याआधीचे जवळजवळ दहा महिने कॉलिन्सवुड या हवेलीतील भयाचा मोठा भार डेव्हिड हेनेसी या मुलाने पेलला होता आणि मालिका सुरू झाली तेव्हा त्याला दहावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

डेव्हिड कॉलिन्स हा आईपासून दुरावलेला आणि बापाला नकोसा झालेला मुलगा आहे. सुरुवातीच्याच कथानकात तो वडिलांच्या मोटारीच्या ब्रेकमधील झडप काढून ठेवतो आणि वडील मरता मरता वाचतात. नव्याने आलेली शिक्षिका व्हिक्टोरिया विंटर्स हिला तो हवेलीच्या बंद भागातील एका खोलीत कोंडून ठेवतो. असे पात्र हाती आले की बहुतेक बालकलाकारांकडून डोळे वटारून घेतले जातात, ओठ मुडपून हसवले जाते, म्हणजे ‘हा दुष्ट आहे’ हे प्रेक्षकाला कळावे. हेनेसीने त्यातले काही केले नाही. वडिलांच्या भूमिकेतील लुई एडमंड्स त्याला तोडून बोलतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आधी दुखावल्याची खूण उमटते आणि मग ती झाकण्यासाठी राग येतो. हा क्रम तो कधीच चुकवत नाही. त्यामुळे त्याच्या कृत्याची भीती वाटत असतानाही आपण त्याच्या बाजूचे होऊन बसतो. शिबिरातल्या मुलांना हाच क्रम दाखवावा, असे मी सुचवेन. रागाचे पात्र करताना राग कशातून आला, ते आधी चेहऱ्यावर यावे.

त्याच्या आईचे, म्हणजे लॉराचे कथानक आपण पाहिले असेलच. डायना मिले यांनी साकारलेली ही आई फिनिक्स आहे; युगायुगांतून ती आगीत जळते, पुन्हा जन्मते आणि आता मुलालाही आगीत नेऊ पाहते. मार्च 1967 मधील शेवटच्या प्रसंगात मासेमारीच्या खोपटीला आग लागलेली असते, आई आतून बोलावत असते आणि बाहेरून व्हिक्टोरिया जीव तोडून हाका मारत असते. दोन स्त्रियांपैकी कोणाकडे धावायचे, हे त्या मुलाला ठरवायचे असते. हेनेसी तिथे संमोहित झाल्यासारखा अभिनय करत नाही. आईकडे जाण्याची त्याची ओढ अगदी खरी आहे आणि म्हणूनच तो अखेर व्हिक्टोरियाच्या मिठीत येतो तेव्हा सुटकेइतकेच दुःखही जाणवते. त्या वयाच्या नटाकडून इतके पूर्ण काम मी दैनंदिन मालिकेत क्वचितच पाहिले आहे.

आता त्या काळची कामाची पद्धतही लक्षात घ्यायला हवी. अर्ध्या तासाचा भाग, आठवड्याचे पाच दिवस. सकाळपासून तालीम, दुपारनंतर चित्रमुद्रण, तेही जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखे सलग. त्या काळी चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे आणि कटकटीचे होते, त्यामुळे फारच मोठा घोटाळा झाल्याखेरीज पुन्हा चित्रण होत नसे. म्हणूनच मालिकेत माइकच्या सावल्या दिसतात, भिंती हलतात, अनुभवी नट वाक्ये विसरतात. अशा सेटवर समोरचा नट शब्दासाठी चाचपडत असताना हेनेसी त्याच्याकडे डेव्हिड म्हणूनच पाहत राहतो. पात्रातून बाहेर येऊन मदतीसाठी इकडेतिकडे बघत नाही. आपल्या बालरंगभूमीवर वाढलेल्या मुलांना ही शिस्त ठाऊक असते, कारण रंगमंचावरही ‘पुन्हा घेऊ’ म्हणायची सोय नसते. रत्नाकर मतकरी यांनी मुंबईत मुलांची नाटके उभी केली आणि गूढकथाही लिहिल्या. या दोन गोष्टींचे नाते किती जवळचे आहे, हे हेनेसीचे काम पाहताना मला जाणवते. दोन्हींत अशक्य गोष्ट संपूर्ण गंभीरपणे खरी मानावी लागते आणि मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमते.

प्रश्न : त्याच मालिकेतील सारा ही भूत झालेली मुलगी सगळी वाक्ये एकाच सुरात म्हणते. घरात यावरून आमचा वाद झाला. याला अभिनय म्हणावे का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शॅरन स्मिथ ही हेनेसीसारखी सफाईदार नटी नव्हती, हे मान्य. तिच्या बोलण्यात चढउतार कमी आहेत आणि कधी कधी नजर टेलिप्रॉम्प्टरकडे गेलेलीही कळते. पण सारा कॉलिन्स ही अठराव्या शतकात वारलेली मुलगी, बार्नबसची धाकटी बहीण. ती 1967 च्या मध्यावर जुन्या धाटणीचा पोशाख घालून येते, बासरीवर ‘लंडन ब्रिज’ या बालगीताची धून वाजवते, डेव्हिडबरोबर चेंडू खेळते आणि कॅमेरा जरा दुसरीकडे वळून परत येईपर्यंत नाहीशी झालेली असते. अशा मुलीने आवाज कापरा करून, हात लांब करून बोलावे, अशी अपेक्षा कोणीही करील. ती मात्र खेळ अर्धवट राहिल्याची तक्रार करावी तितक्या साध्या सुरात कबरीविषयी बोलते. आपण मेलो आहोत, हे तिला विशेष वाटत नाही आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

बार्नबसने कोंडून ठेवलेल्या मॅगी या गावातील तरुणीला तीच एका कोड्यातून सुटकेची वाट सुचवते. पण माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा प्रसंग पुढचा आहे. भाऊ एका स्त्रीचा जीव घेण्याच्या बेतात असताना ती अखेर त्याच्यासमोर प्रकटते आणि तो पुन्हा पूर्वीसारखा चांगला होईपर्यंत आपण येणार नाही, असे त्याला बजावते. तिथे जोनाथन फ्रिड यांचा आवाज भरून आलेला आहे आणि समोरची मुलगी मात्र सूर जराही बदलत नाही. तिने गहिवर आणला असता तर ती केवळ रडणारी बहीण झाली असती. आता ती न्याय सांगते आहे, असे वाटते. पुढे कथा 1795 सालात जाते आणि जिवंत सारा भावाच्या मिठीत मरताना दिसते, तेव्हा आधीच्या त्या कोरड्या स्वराची किंमत आपल्याला कळते. घरातील वादात मी आपल्याविरुद्ध गेलो असेन तर हे भाग सर्वांनी मिळून पुन्हा पाहावेत.

प्रश्न : एमी आणि डेव्हिड ही जोडी कोणत्या भागांत पाहायला मिळेल? (वाचक, गिरगाव)

उत्तर : 1968 च्या अखेरीपासून फेब्रुवारी 1969 पर्यंतच्या भागांत. बहुतेक प्रेक्षक बार्नबसच्या आगमनापासून, म्हणजे 210 व्या भागापासून सुरुवात करतात. आपण थेट कॉलिन्स घराण्यातीलच क्वेंटिनच्या भुतापाशी गेलात तरी चालेल. हवेलीच्या बंद भागात दोन मुलांना एक जुना टेलिफोन सापडतो, त्याची तार कुठेही जोडलेली नसते आणि तरीही त्यातून कोणीतरी त्यांच्याशी संपर्क साधते. शिक्षिका, दोन मुले आणि मृतांची त्यांच्यावरील पकड ही मांडणी हेन्री जेम्स यांच्या 1898 मधील प्रसिद्ध भूतकथेवरून घेतलेली आहे. एमीच्या भूमिकेतील डेनिस निकर्सन तेव्हा अकरा वर्षांची होती. खोलीत मोठे माणूस आले की ही दोघे क्षणात आज्ञाधारक मुले होतात आणि दार बंद होताच त्यांचे चेहरे गळून पडतात. निकर्सनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी पश्चात्ताप असतो, हेनेसीच्या चेहऱ्यावर थकवा. हा फरक अवश्य पाहावा. त्यानंतर कथा 1897 मध्ये जाते आणि हेनेसी जेमिसन हा वेगळाच मुलगा साकारतो; काउंट पेटोफी हा मांत्रिक त्याच्या शरीरात शिरतो तेव्हा थेअर डेव्हिड यांची पेटोफीची ढब या मुलाने किती नेमकी उचलली आहे, ते पाहून मी थक्क झालो होतो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एका भयमालिकेत भुताच्या भूमिकेसाठी विचारणा झाली आहे. होकार देण्यापूर्वी काय पाहावे? (वाचक, बोरिवली)

उत्तर : चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत असो, मढला असो वा घोडबंदर रस्त्यावरील स्टुडिओत, बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनंतर 2017 साली आलेले नियम सर्वत्र लागू आहेत. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काळ मुलाला कामात गुंतवता येत नाही, शाळा बुडणार नाही अशी सोय करावी लागते आणि मिळकतीचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावा लागतो. परवानगीची प्रत आपण आवर्जून मागून पाहावी. त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही, असेही नियम सांगतो आणि भयमालिकेत त्याला फार महत्त्व आहे. संहिता आपण स्वतः मुलीला वाचून दाखवा. रंगभूषेची चाचणी दिवसाउजेडी, आपल्यासमोर होऊ द्या. आरशात रंग चढताना तिने पाहिला की तो चेहरा तिच्या ओळखीचा होतो. दिग्दर्शकाला एक प्रश्न जरूर विचारा : प्रसंगात मुलीला खरोखर दचकवून प्रतिक्रिया टिपण्याचा विचार आहे का? उत्तर होकारार्थी आले तर मी नकार देईन. हेनेसी, स्मिथ आणि निकर्सन यांच्या ज्या कामाचे वर कौतुक केले, ते तालीम करून, पुढे काय घडणार हे ठाऊक असताना केलेले काम होते.

प्रश्न : या मुलांचे पुढे काय झाले? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : निकर्सन 1971 च्या ‘विली वोंका’ चित्रपटातील च्युइंगगम चघळणाऱ्या व्हायोलेटमुळे जगभर ओळखली गेली, तरुणपणीच अभिनयापासून दूर झाली आणि 10 जुलै 2019 रोजी तिचे निधन झाले. स्मिथ आणि हेनेसी यांनीही अभिनयात कारकीर्द केली नाही. डेव्हिडची भूमिका मात्र पुन्हा उभी राहिली : 1991 च्या नव्या मालिकेत जोसेफ गॉर्डन-लेव्हिट याने ती केली आणि 2012 च्या चित्रपटात गलिव्हर मॅकग्रा याने. दोघेही गुणी आहेत. पण नव्या मालिकेचे बाराच भाग झाले आणि चित्रपट दोन तासांत संपला. हेनेसी मूळ मालिकेत 1966 पासून जवळजवळ शेवटापर्यंत वेगवेगळ्या शतकांतली मुले साकारत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला.