“कुणाला सांगणार नाही” असं मुलीला कबूल केलं, आता काय करू?

समाजकार्यातल्या नोकरीला सहाच महिने झालेत, आणि गृहभेटीत नऊ वर्षांच्या मुलीने “कुणाला सांगणार नसाल तरच सांगते” म्हणत आधी तुमच्याकडून कबूल करून घेतलं, मग घरी मार बसतो ते सांगितलं. आता शब्द मोडू का, असं तुम्ही विचारताय. मोडावा लागेल, आणि आजच. वरिष्ठांना आत्ता कळवा, उद्यावर टाकू नका.

पण जमेल तिथे हे तिला आधी तुमच्याच तोंडून कळू द्या. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी असाच शब्द दिला आणि त्या मुलाला न सांगताच वर कळवलं. त्याला ते एका अनोळखी माणसाकडून समजलं. पुढच्या भेटीत तो बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता, परत सोडत होता. “तुम्ही बोलला होतात,” एवढंच म्हणाला. त्यानंतर कितीतरी महिने माझ्याशी मोकळेपणाने बोलला नाही. वर कळवलं ते बरोबरच होतं, त्याला अंधारात ठेवलं ते चुकलं.

तिला सरळ सांगा: “तू सांगितलंस ते फार बरं केलंस. कुणाला सांगणार नाही म्हणाले, ते माझं चुकलं. तुला मार बसतोय हे कळल्यावर मला गप्प बसता येणार नाही.” पुढे कोण भेटायला येईल तेही सांगा. “आईबाबांना काही होणार नाही” असं मात्र म्हणू नका. ते आपल्या हातात नसतं.

स्वतः खोदून विचारू नका. “बाबा पट्ट्याने मारतात का?” असं विचारलं की मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून आपल्याला हवं ते उत्तर देतं. फार तर “काय झालं ते सांग” एवढंच म्हणा. नोंद त्याच दिवशी करा, तिच्याच शब्दांत. ती “लाल दोरी” म्हणाली असेल तर “दोरी” असं आटोपशीर करू नका. तुम्ही काय विचारलंत, तेही लिहा.

वरिष्ठांशी ठरल्याशिवाय आईवडिलांकडे यातलं अवाक्षर काढू नका. आपण निघून येतो, तिला रात्री त्याच घरात काढायची असते.

कळवलं म्हणजे मुलीला घरातून काढलं, असं नसतं. ही भीती नव्यांना फार छळते, मलाही छळायची. १९८९ च्या बालहक्क करारातलं ९ वं कलमच सांगतं की मुलाच्या हितासाठी गरजेचं असेल तरच त्याला पालकांपासून वेगळं करायचं, आणि तो निर्णय न्यायालयाला तपासता आला पाहिजे. मुलांच्या पर्यायी देखभालीबद्दलच्या २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तर नुसती गरिबी हे वेगळं करण्याचं कारण होऊच शकत नाही. पुढे, सुरक्षित असेल तेव्हा, आईला हे जरूर विचारा: “राग आला पण हात उचलला नाही, असं कधी झालं? तेव्हा काय केलंत?” रडवेल्या झालेल्या बायका या प्रश्नानंतर सरसावून बोलताना मी पाहिल्यात.

आणि मुलीला पुढच्या भेटीचा जो वार सांगाल, त्या वारी जाच. ती वाट बघत असणार.